चिन्हावरची तारीख

बुलढाणा जिल्ह्यात मेहकर, चिखली, मलकापूर यांसारख्या तालुक्याच्या गावी उत्पन्नाचे दाखले, सातबाऱ्याचे उतारे आणि पीकविम्याचे अर्ज ज्या लहानशा खोल्यांतून निघतात, तेथे भिंतीवर बहुधा ‘कालनिर्णय’ टांगलेले असते आणि त्याच्याच खाली संगणकाच्या पडद्यावर दिनदर्शिकेचे एक चिमुकले चिन्ह असते. या दोहोंच्या तारखा जुळेनाशा झाल्या की रांगेतला एखादा चौकस वृद्ध विचारतोच, “भाऊ, आज कोनती तारीख हाये म्हनते हे मशीन?”

कागदी दिनदर्शिका या बाबतीत फार विनयशील असते. सिंदखेडराजात जिजाऊंचा जन्मोत्सव १२ जानेवारीस होतो आणि तिथीने मानणारे तो पौष पौर्णिमेस करतात. हे दोन्ही दिवस ती आपापल्या चौकटीत मुकाट्याने छापते, परंतु त्यांपैकी ‘आज’ कोणता, हे सांगण्याचा हुद्दा ती स्वतःकडे घेत नाही. पडद्यावरचे चिन्ह मात्र नेमका तोच अधिकार गाजवते, आणि म्हणून ते चुकले की मनुष्य संपूर्ण यंत्रावरच अविश्वास दाखवू लागतो.

वस्तुतः अशा वेळी प्रथम पाहावयाचे ते पडद्याच्या कोपऱ्यातील घड्याळ. ते अचूक असून केवळ चिन्ह चुकत असेल, तर दोष काळाचा नसून चित्राचा आहे, हे निश्चित समजावे; कारण चिन्ह हे मुळात रंगविलेले चित्र असते आणि त्यावरचा आकडा रोज नव्याने काढण्याची तजवीज कोणी मुद्दाम केली असेल तरच तो बदलतो. अॅपल कंपनीने ‘आयकॅल’ ही दिनदर्शिका १७ जुलै २००२ रोजी न्यूयॉर्क येथे प्रथम जाहीर केली, तेव्हा तिच्या चिन्हावर तोच दिवस चितारला गेला. पुढे कित्येक वर्षे ती दिनदर्शिका उघडली नसेल तोवर मॅकच्या पडद्यावर बारमास १७ जुलैच नांदत असे. २००७ साली आलेल्या ‘लेपर्ड’ या आवृत्तीपासून बंद असलेल्या चिन्हावरही चालू तारीख दिसू लागली; तथापि जुन्या तारखेने आपली वहिवाट पुरती सोडली नाही. अॅपलच्या फोनवरून दिनदर्शिकेचे इमोजी पाठविले तर त्यावर आजही १७ जुलै असते, आणि २०१४ पासून पाळला जाणारा जागतिक इमोजी दिनही त्यावरूनच ठरला आहे. गूगलच्या दिनदर्शिकेच्या चिन्हावरचा ३१ हा आकडाही असाच निव्वळ शोभेचा. महसुली वर्ष ३१ जुलैला संपत असल्यामुळे एखाद्या तलाठ्याला तो अंगावर येत असेल, तर त्यात गूगलचा काही हेतू नाही.

तारीख बदलणारे चिन्हही कधीकधी कालच्याच दिवशी अडून बसते, याचे कारण यंत्र एकदा काढलेले चित्र जपून ठेवते आणि काम वाचविण्यासाठी तेच पुन्हा दाखविते. इलाज सोपा आहे. मॅकमध्ये ते चिन्ह खालच्या पट्टीतून बाहेर ओढून पुन्हा बसवावे. विंडोजमध्ये ‘टास्क मॅनेजर’ उघडून ‘विंडोज एक्सप्लोरर’ पुन्हा सुरू करावे. आणि हे जमत नसेल त्याने सरळ संगणक बंद करून चालू करावा.

घड्याळच चुकले असेल तर प्रकरण निराळे. संगणक बंद असतानाही काळाची गणना चालू राहावी म्हणून त्याच्या मुख्य पट्टीवर रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी बसविलेली असते. तिच्यावरील ‘सीआर २०३२’ या अक्षरांतच तिचे माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट. तिच्या आधाराने क्वार्ट्‌झचा एक सूक्ष्म स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावत असतो. हा आकडा विचित्र वाटला तरी तो सहेतुक आहे. त्याचे पंधरा वेळा अर्धे केले की बरोबर एक उरतो आणि एक सेकंद मोजला जातो. बॅटरी सामान्यतः काही वर्षे टिकते, पण जेथे भारनियमन आहे, अथवा सायंकाळी भिंतीवरचे बटणच बंद करून घरी जाण्याचा शिरस्ता आहे, तेथे साऱ्या रात्रीचा भार तिच्यावर पडतो. ती संपली की यंत्र सकाळी एखाद्या भलत्याच, गतकाळातल्या वर्षात जागे होते. मग संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे ‘अद्याप लागू झालेली नाहीत’ अशी तक्रार सुरू होते, ती पानेच उघडेनाशी होतात, आणि रांग खोळंबते. घड्याळजीच्या दुकानातही सहज मिळणारी ही बॅटरी बदलली, तारीख एकवार भरली आणि वेळ इंटरनेटवरून आपोआप घेण्याचा पर्याय चालू केला की हे प्रकरण मिटते.

मला सर्वांत मनोरंजक वाटतो तो तिसरा दोष, ज्यात तारीख सकाळी चुकलेली आणि दुपारनंतर बरोबर असते. ती ठीक बारा वाजता बदलत असेल तर घड्याळ लावताना सकाळ-संध्याकाळची अदलाबदल झालेली आहे. साडेबारा किंवा दीडला बदलत असेल, तर यंत्र अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेवर चालले आहे. कारण विंडोजच्या अमेरिकी आवृत्तीत मुळात तोच प्रदेश निवडलेला असतो आणि तेथील मध्यरात्र आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबाराला व हिवाळ्यात दीडला होते. अशा यंत्राची तारीख हाताने कितीही वेळा दुरुस्त केली तरी इंटरनेटशी संबंध येताच ते पुन्हा कॅलिफोर्नियाला परतते.

परक्या गावाची वेळ पाळणे या जिल्ह्याला नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मलकापूर, नांदुरा, शेगाव या मार्गे नागपूरकडे जाणारी आगगाडी मद्रासच्या वेळेने धावत असे; १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश रेखांशावर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ आली, पण त्या वेळेपेक्षाही बुलढाण्याचा सूर्य सुमारे पंचवीस मिनिटे मागेच राहतो. योगायोग असा की विंडोजच्या यादीत आपल्या वेळेपुढे पहिले नाव चेन्नईचेच येते, अर्थात ते केवळ वर्णानुक्रमाने. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन ‘यूटीसी अधिक ५:३०, चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ ही ओळ निवडावी आणि मगच चिन्हाकडे पाहावे. ते अजूनही हट्टाने कालचा दिवस दाखवीत असेल, तर आता केवळ चित्रच शिळे उरले आहे.