भिजलेला कॅमेरा आणि विमा

बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा हा १६१५ मधील भूमिगत जलमार्ग. लग्नसराईवर पोट भरणाऱ्या एखाद्या छायाचित्रकाराचा कॅमेरा तेथे हातून निसटून पाण्यात पडला, तर तो चालतो की नाही हे पाहण्याचा मोह त्याने आवरावा. कळ दाबताच ओल्या भागांत वीज खेळून उरलेसुरलेही जळते; शिवाय ते पाणी चुनायुक्त, वाळले तरी क्षार मागे राहतात. बॅटरी काढावी, विमा कंपनीस तत्काळ लेखी कळवावे आणि सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी दुरुस्तीस हात लावू नये. सर्वजोखीम विम्यात आकस्मिक अपघाताची हानी येते. भिंगावरील बुरशी वा झीज सहसा येत नाही. ही रेषा कधीकधी फारच सोयीस्करपणे ओढली जाते! कंपनीने तक्रारीनंतरही दावा नाकारल्यास वर्षाच्या आत भोपाळच्या विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.