धावण्याच्या सरावालाही आता मुनीम!

भल्या पहाटे गोंदियाहून आमगाव, गोरेगाव किंवा तिरोड्याकडे माल घेऊन निघालेल्या व्यापाऱ्याला रस्त्याच्या कडेने धावणारी पोरे हमखास दिसतात. यांतील बहुतेकांना ऑलिंपिकला जायचे नसते. कोणाला पोलीस शिपाई व्हायचे असते, कोणाला वनरक्षक, कोणाला फौजेत जायचे असते. या पोरांत शिंप्याचा, वेल्डरचा, किराणा दुकानदाराचा मुलगाही असतो.

व्यापाराच्या पानावर धावण्याचे काय काम, असे कोणी विचारील. वाचकहो, दुकानातला एक कर्ता हात वर्षभर मोकळा सोडून सरावाला लावणे ही गुंतवणूकच आहे. बूट, खुराक आणि अकादमीची फी वेगळीच. ही गुंतवणूक बुडते ती बहुधा आळसामुळे नव्हे, तर चुकीच्या वेळी केलेल्या जादा मेहनतीमुळे. म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे सरावाचे वेळापत्रक रोज बदलून देणाऱ्या नव्या साधनांची माहिती आम्ही येथे देत आहोत.

छापील तक्त्याची अडचण

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत पुरुषांच्या १६०० मीटर धावण्याला २० गुण असतात, आणि पूर्ण गुणांसाठी ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत यावे लागते. वनरक्षकाला तर धावण्याच्या चाचणीशिवाय चालण्याचीही चाचणी द्यावी लागते. पुरुषांसाठी ती ४ तासांत २५ किलोमीटर अशी असते. ही सारी दमाची कामे आहेत, आणि दम हळूहळू वाढतो.

समजा, एका शिंप्याचा मुलगा मित्राकडून बारा आठवड्यांचा छापील तक्ता आणतो. पाचव्या आठवड्यात त्याला ताप येतो, चार दिवस जातात. तक्त्याला ताप कळत नाही. मुलगा बुडालेले चार दिवस भरून काढण्यासाठी दुप्पट धावतो, नडगी दुखू लागते, आणि चाचणी तीन आठवड्यांवर असताना तो लंगडत घरी बसतो. वर्षाची मेहनत गेली, आणि पुढची भरती कधी निघेल याचा भरवसा नाही.

चांगला गुरू असता तर त्याने वेळीच लगाम घातला असता. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे लष्करात गेले आणि तेथे त्यांना अमरिश कुमार यांच्यासारखे प्रशिक्षक लाभले. पुढे साबळे यांनी २०२४ साली पॅरिस येथे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदवला. पण सालेकसा किंवा देवरीच्या प्रत्येक पोराला रोज डोळ्यांत तेल घालून पाहणारा गुरू कोठून मिळणार? नवी साधने ही उणीव थोडीफार भरून काढू पाहतात.

यंत्र करते काय?

मनगटावरचे घड्याळ किंवा खिशातला मोबाईल अंतर आणि वेग मोजतो. घड्याळ हृदयाचे ठोके आणि झोपही टिपते. चाचणीची तारीख, आजवरची उत्तम वेळ आणि आठवड्यात किती दिवस धावणार हे एकदा सांगितले की वेळापत्रक तयार होते. मग रोजच्या धावण्यावरून ते दुरुस्त होत जाते. एक दिवस चुकला तर पुढचे दिवस पुन्हा मांडले जातात, ठोके नेहमीपेक्षा जास्त दिसले तर उद्याचा सराव हलका होऊ शकतो. सायकलपटूंसाठी ट्रेनररोड या कंपनीने असे बदलते वेळापत्रक २०२१ साली आणले. धावणाऱ्यांसाठी गार्मिनच्या घड्याळांत ‘कोच’ची सोय आहे. लंडनची रन्ना ही कंपनी २०२५ साली स्ट्राव्हाने विकत घेतली, यावरून या धंद्यातली उलाढाल ध्यानी यावी.

यामागचा विचार मात्र जुना आहे. कॅनडातील एरिक बॅनिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली तो गणितात मांडला. प्रत्येक सरावाच्या दोन नोंदी होतात, एक ताकदीची जमा आणि दुसरी थकव्याची उधारी. उधारी मोठी असते पण लवकर फिटते, जमा सावकाश ओसरते. आजच्या हिशेबांत ताकदीसाठी बहुधा ४२ दिवसांची आणि थकव्यासाठी ७ दिवसांची सरासरी धरतात. म्हणून चाचणीआधीचे काही दिवस सराव कमी केला की उधारी फिटते आणि जमा शिल्लक राहते. ऐन शेवटच्या आठवड्यात जीव तोडून धावणारा पोरगा नेमके उलटे करतो.

वही-पेन्सिलीचा उपाय

ज्यांना घड्याळ परवडत नाही त्यांनी निराश होऊ नये. अमेरिकेतील कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेली एक साधी रीत आहे. सराव संपल्यावर त्याचे श्रम १० पैकी किती वाटले ते ठरवावे आणि मिनिटांनी गुणावे. उदाहरणार्थ, सोमवारी ४० मिनिटे, श्रम ४, म्हणजे १६०. मंगळवारी जोराचा सराव ३० मिनिटे, श्रम ८, म्हणजे २४०. गुरुवारी ४५ मिनिटे, श्रम ४, म्हणजे १८०. शुक्रवारी ३० मिनिटे, श्रम ५, म्हणजे १५०. रविवारी ६० मिनिटे, श्रम ५, म्हणजे ३००. बुधवार आणि शनिवार आराम. आठवड्याची बेरीज १०३०. पुढच्या आठवड्यात हा आकडा एकदम १६०० वर गेला तर धोक्याची घंटा समजावी. रोजकीर्द लिहिणाऱ्या आमच्या व्यापारी बांधवांना हे शिकवण्याची गरज नाही.

मुनिमाला जे दिसत नाही

आता खरी गोम. मुनीम कितीही हुशार असो, जो व्यवहार वहीत चढलाच नाही तो त्याच्या हिशेबात येत नाही. गोंदिया भाताच्या गिरण्यांचा जिल्हा. याच मुलाने आठवड्यात दोन संध्याकाळी दोन-दोन तास पोती उचलली आणि श्रम ५ धरले, तर प्रत्येक वेळचे ६०० म्हणजे एकूण १२०० झाले. धावण्यापेक्षा हमालीचाच भार जास्त! दोन्ही भार तंतोतंत सारखे नसतील, पण थकतात ते तेच पाय. मात्र काम करताना घड्याळ काढून ठेवले की यंत्राच्या लेखी मुलगा दिवसभर आराम करत होता, आणि ते उद्याला जोराचा सराव लिहून देते. तेव्हा दुकानातली, भट्टीवरची, गोदामातली मेहनतही नोंदवलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो. उन्हात त्याच वेगाला ठोके जास्त पडतात. यंत्राने हवामान धरले नसेल तर मुलाचा दम घटला, असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात, तोवर वेगाचा हट्ट धरू नये.

तिसरी गोष्ट रमजानची. सहरीमुळे झोप तुटते, दिवसभर पाणी नसते, जेवणाच्या वेळा बदलतात. घड्याळाला तुटलेली झोप दिसते, रोजा दिसत नाही. २०२४ साली आपल्याकडे पहिला रोजा १२ मार्चला होता, २०२५ साली २ मार्चला. दरवर्षी तो १० ते ११ दिवस अलीकडे सरकतो, म्हणून गेल्या वर्षीचे वेळापत्रक तसेच्या तसे चालत नाही. महिना सुरू होण्यापूर्वीच त्या दिवसांचा सराव हलका करून घ्यावा, आणि जोराचा सराव करायचाच तर इफ्तारनंतर, पाणी पोटात गेल्यावर ठेवावा.

रोजगाराची एक वाट

ही साधने बहुतांशी इंग्रजीत आहेत. खेड्यातल्या मुलाला आकडे दिसतात, अर्थ लागत नाही. खेळाच्या साहित्याचे दुकान, मोबाईल दुरुस्ती किंवा संगणक केंद्र चालवणारा तरुण वीस-पंचवीस मुलांच्या नोंदी ठेवून त्यांचा अर्थ मराठीत समजावून सांगू शकतो. एखाद्या अनुभवी माजी धावपटूशी भागीदारी केली तर उत्तमच, कारण पावलाची ठेवण आणि चेहऱ्यावरचा शीण माणसालाच दिसतो. मात्र भरतीची हमी देऊन पैसे घेऊ नयेत. तो व्यापार नव्हे, फसवणूक होय.

दोन सावधगिऱ्या. ठोके, झोप आणि धावण्याचा मार्ग ही खासगी माहिती आहे. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हाच्या नकाशावरून अनेक देशांतले लष्करी तळ ओळखू आल्याचे उघड झाले होते. पोलीस चौक्यांजवळून धावणाऱ्या मुलांनी आपला मार्ग सर्वांना दिसणार नाही अशी व्यवस्था आधी करावी. मुलगा १८ वर्षांखालचा असेल तर नोंदी ठेवणाऱ्याने पालकांची लेखी संमती घ्यावी. आणि छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा एकाच जागी हाड दुखत राहणे, यांवर यंत्राला सल्ला विचारू नये. डॉक्टरांकडे जावे.

वेळापत्रक फुकटचे असो वा विकतचे, ते शेवटी नोंदीवरच उभे असते. ‘आज पाय दुखतो’ हे लिहायची लाज वाटणारा मुलगा स्वतःचीच वही खोटी करतो. तेव्हा बापाने रात्री दुकानाचा हिशेब करताना मुलाचीही वही समोर घ्यावी, आणि त्यात आरामाचा दिवस दिसला तर रागावू नये. तोही जमेच्या बाजूलाच धरावा.