ज्येष्ठांचे टेबल टेनिस आणि अर्धशक्तीचा दंडक

साठी उलटलेला रुग्ण टेबल टेनिस खेळतो असे समजताच ‘आता पुरे’ असा सल्ला देणारे वैद्यबंधू आमच्या परिचयाचे आहेत. त्यांच्या म्हणण्यास आधारही आहे. वाग्भटाचार्यांनी वातपित्ताचे रोगी, बालक व अजीर्णी यांच्यासमवेत वृद्धासही व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. परंतु त्याच आचार्यांनी मध्यम वयाची मर्यादा सत्तरीपर्यंत नेली आहे, याचे विस्मरण होते. सुश्रुतसंहितेतही वार्धक्य सत्तरीनंतरचे. चरकसंहितेत मात्र साठीनंतरचे. तेव्हा अष्टांगहृदयाचा निषेध बासष्ट वर्षांच्या धडधाकट निवृत्त शिक्षकास लावणे त्या ग्रंथासच धरून नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. सत्तरीपुढे बल, अग्नी व सात्म्य पाहूनच निर्णय करावा. जागतिक ज्येष्ठ स्पर्धांत नव्वदीपुढील खेळाडूंचाही गट असतो. चाळीस वर्षे खेळलेल्या शरीरास तो खेळ सात्म्यच झालेला असतो.

आमच्या भागात या खेळाचे महत्त्व पावसाळ्यात विशेष जाणवते. साताऱ्याची मंडळी अजिंक्यतारा चढतात, सांगलीकर आमराईत फेऱ्या मारतात. पण आषाढ लागला की निसरड्या वाटांच्या भयाने ज्येष्ठ घरी बसतात. अशा वेळी छताखालचा खेळ उपकारक ठरतो. मात्र वर्षाऋतूत अग्नी मंद व वात प्रकुपित असल्याने शास्त्राने आयास टाळण्यास सांगितले आहे. म्हणून या दिवसांत मित्रमंडळींतील एकदोन हलके डाव पुरेत. अर्धशक्तीपर्यंतचा व्यायाम शीतकाळी व वसंतात. स्पर्धांची हौस तेव्हाच भागवावी.

चेंडू अवघा 2.7 ग्रॅमचा, टेबल 2.74 मीटर लांबीचे, अंगास अंग लागण्याचा प्रश्न नाही. सन 2000 मध्ये चेंडूचा व्यास 38 वरून 40 मिलिमीटर झाला व खेळाची गती थोडी उतरली, हेही ज्येष्ठांच्या पथ्यावरच पडले. अपाय होतो तो झटक्याने वळण्याने, आणि त्याहून अधिक जिंकण्याच्या ईर्षेने. दुहेरी सामना सोपा, हा समजही तपासून घ्यावा. त्यात जोडीदारांनी आळीपाळीने चेंडू मारावयाचा असल्याने प्रत्येक फटक्यानंतर बाजूस सरावे लागते. गुडघे दुखणाऱ्यास एकेरीचा संथ सरावच बरा.

सांगलीकडील सदुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ आमच्याकडे येत. रोज सायंकाळी तासभर खेळूनही त्यांना कधी त्रास नव्हता. वैशाखात एका स्पर्धेत एकाच दिवशी तीन सामने खेळले आणि रात्री पोटऱ्यांत गोळे, अनावर तहान व ग्लानी. व्यायाम तोच, मात्रा निराळी. रोजच्या खेळात ते दमले की बसत. स्पर्धेत बसणे म्हणजे हरणे.

मग मात्रा ओळखावी कशी? सुश्रुताचार्यांनी दिलेली खूण आजही उपयोगी आहे: श्वास तोंडाने घ्यावासा वाटू लागला की अर्धे बल संपले. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम आणि मुखशोष ही लक्षणेही परंपरेने सांगितली आहेत. नाडीच्या ठोक्यांवर विसंबू नये. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटाची औषधे घेणाऱ्यांची नाडी श्रमानेही फारशी वाढत नाही. 2001 पासून डाव अकरा गुणांचा झाला आहे. दर सहा गुणांनंतर घाम पुसण्यास क्षणभर सवड व दोन डावांमध्ये मिनिटभर विश्रांती नियमातच आहे. रुग्णास सांगावे की तेव्हा तोंड मिटून श्वास घेता येतो का ते पाहा. येत नसेल तर सामना सोडा. छातीत दाटणे, डाव्या हातात कळ वा भोवळ आल्यास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे, तेथे काढ्याचा विचार नको.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंना एक विनंती. सामन्याच्या आदल्या दिवशी वेदनाशामक गोळी मागणारा ज्येष्ठ खेळाडू दुखणे झाकून खेळणार असतो. त्यास वैद्याकडे धाडावे. मधुमेहाची गोळी अथवा इन्सुलिन घेणाऱ्यास उपाशीपोटी खेळू नये असे आवर्जून सांगावे, व खिशात साखर ठेवावयास लावावी. महानारायण तेल अवश्य द्यावे, पण ते खेळानंतर, रात्री. खेळण्यापूर्वी तळपायास तेल लावून गुळगुळीत फरशीवर उतरणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत.