धान, तांदूळ, भात आणि इंग्रजीतला एकच ‘राइस’

कुडवा (जि. गोंदिया) : गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यात बांधीतील उभ्या पिकाला धान म्हणतात. राइस मिलमध्ये भरडाई झाली की त्याचा तांदूळ होतो आणि ताटात वाढला की भात. तीन अवस्था, तीन शब्द. इंग्रजीच्या तासाला मात्र या तिन्हींसाठी विद्यार्थ्याच्या हाती एकच शब्द पडतो, ‘राइस’. ‘पॅडी’ हा शब्द इंग्रजीत आहे; पण तोही इंग्रजांनी मलय भाषेतून उचललेला, आणि पाठ्यपुस्तकात तो क्वचितच भेटतो.

येथून हजारो किलोमीटर दूर असलेल्या जपानमधील विद्यार्थ्याची अडचण नेमकी हीच आहे. त्याच्या भाषेत शेतातले पीक ‘इने’, दाणा ‘कोमे’ आणि शिजवलेला भात ‘गोहान’. भातखाऊ समाजाची भाषा भाताचे बारकावे जपते, यात नवल नाही. नवल आहे ते पुढेच. मराठी आणि जपानी या भाषांचे कूळ वेगळे, लिपी वेगळी, इतिहास वेगळा. तरीही इंग्रजीपुढे उभे राहिल्यावर दोघांचे पाय बहुतेक त्याच दगडांना अडखळतात. जपानी अभ्यासकांनी शतकभर आपल्या विद्यार्थ्यांच्या चुकांचा विचार केला आणि त्यानुसार प्राथमिक इंग्रजीची पुस्तके बेतली. त्यातले आपल्या उपयोगाचे काय, हे पाहण्यासारखे आहे.

क्रियापद कुठे बसते?

‘मी भात खातो’ या वाक्यात आधी करणारा, मग वस्तू आणि शेवटी क्रिया. जपानीतही ‘वाताशि वा गोहान ओ ताबेरु’, म्हणजे तंतोतंत हाच क्रम. गोंदिया परिसरात मराठीखेरीज हिंदी, पोवारी, लोधी, छत्तीसगढी, झाडीबोली कानावर पडतात. गोंडी तर द्राविडी कुळातील. या सर्वच भाषांमध्ये क्रियापद शेवटी येते. म्हणजे घरी कोणतीही बोली असो, ‘आय ईट राइस’ म्हणताना मुलाला आपल्या वाक्याची मोडतोड करावीच लागते.

क्रम बदलण्यापेक्षाही अवघड गोष्ट निराळी आहे. ‘वाघाने माणसाला मारले’ आणि ‘माणसाला वाघाने मारले’ या दोन्ही वाक्यांत मेला तो माणूसच, कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय कोणी कोणाला मारले ते सांगतात. जपानीत हेच काम ‘गा’ आणि ‘ओ’ करतात. इंग्रजी नामाला असे प्रत्यय नाहीत. तेथे शब्दाची जागाच त्याचे काम ठरवते. ‘द टायगर किल्ड द मॅन’ मधील दोन नामांची अदलाबदल केली की नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात वाघ मरतो आणि माणूस जगतो! विद्यार्थ्याला ‘सब्जेक्ट’ आणि ‘ऑब्जेक्ट’ची व्याख्या पाठ करायला लावण्याआधी एवढी एक गोष्ट समजावून दिली, तर निम्मे व्याकरण आपोआप सुटते. जपानमध्ये इंग्रजी वाक्याचे पाच साचे शिकवण्याची परंपरा गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून आहे, त्यामागे हेच कारण आहे. त्या पद्धतीवर तेथे टीकाही पुष्कळ झाली. परंतु पहिल्या पायरीला तिचा आधार अजूनही घेतला जातो.

एक योगायोग तर गमतीचाच म्हणावा लागेल. प्रश्न विचारताना आपण वाक्याच्या शेवटी ‘का’ जोडतो : ‘जेवता का?’ जपानी माणूसही शेवटी ‘का’च जोडतो : ‘ताबेमासु का?’ दोन भाषांचा संबंध नसताना उच्चारही सारखाच. इंग्रजीला मात्र प्रश्नाची खूण वाक्याच्या तोंडाशी लागते : ‘डू यू ईट राइस?’ हे ‘डू’ म्हणजे काय, याचे भाषांतर करता येत नाही आणि करूही नये. ते आपल्या ‘का’चे काम करते, फक्त दुसऱ्या टोकाला बसून, एवढे सांगितले की पुरे. नकारातही तेच. ‘तो भात खात नाही’ चे ‘ही डझ नॉट ईट राइस’ होते. ‘ईट्स’ मधला ‘स’ उचलून ‘डू’ला चिकटतो आणि मूळ क्रियापद मोकळे राहते. ‘ही डझ नॉट ईट्स’ ही चूक दोन्ही देशांत सारखीच होते.

त्या ‘स’बद्दल आणखी थोडे. जपानी क्रियापद पुरुषानुसार बदलत नाही, त्यामुळे ‘ही ईट्स’ हा प्रकार तेथील मुलांना सर्वस्वी नवा असतो. आपली क्रियापदे खातो, खातेस, खातात अशी बदलतात, म्हणजे आपल्याला हे सोपे जायला हवे. पण मराठीत शेवटचा ‘स’ ‘तू’साठी राखलेला आहे, इंग्रजीत तो ‘ही’ आणि ‘शी’साठी. शिवाय नामाला ‘स’ लागला की अनेकवचन आणि क्रियापदाला लागला की एकवचन. ‘द बॉय रन्स’, ‘द बॉइज रन’. एक ‘स’ दोघांपैकी एकाकडेच असतो, अशी खूणगाठ बांधून घेणे लहान मुलांना नियमापेक्षा सोपे जाते.

मोजता येणारे आणि न येणारे हाही असाच प्रश्न. आपण ‘तांदूळ निवडले’ म्हणतो, म्हणजे तांदूळ अनेकवचनी. भात मात्र एकवचनी. इंग्रजीत ‘राइस’ मोजताच येत नाही, मोजायची असतात ती पोती : ‘टू बॅग्ज ऑफ राइस’. ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘अ‍ॅडव्हाइस’ ही त्याच पंगतीतली. अर्जात आणि बायोडेटात ‘इन्फर्मेशन्स’ लिहिणारे पदवीधर कमी नाहीत.

एका बाबतीत आपण सुदैवी आहोत. जपानीत ‘र’ आणि ‘ल’ असे दोन वेगळे वर्ण नाहीत. त्यामुळे ‘राइस’ आणि ‘लाइस’ यांत, म्हणजे भातात आणि उवांत, फरक ऐकायला जपानी विद्यार्थ्याला कित्येक महिने कान तयार करावा लागतो. मराठी मुलाला ही अडचणच नाही. आपली गोची ‘व’पाशी होते, बनियन आणि पश्चिम दिशा या दोन्हींना आपण ‘वेस्ट’च म्हणतो.

‘हो’ म्हणजे ‘नो’

व्याकरण चुकले तर गुण जातात. संभाषणातील एक चूक मात्र त्याहून महाग पडू शकते. नकारार्थी प्रश्नाचे उत्तर ही ती जागा. रुग्णालयात डॉक्टरांनी इंग्रजीत विचारले, ‘यू हॅवन्ट गिव्हन हिम द टॅब्लेट?’, म्हणजे गोळी दिली नाही ना? आपण मराठीत सहज म्हणतो, ‘हो, नाही दिली.’ विचारणाऱ्याच्या म्हणण्याला आपण ‘हो’ म्हणत असतो. जपानी माणूसही ‘हाई’, म्हणजे ‘हो’च म्हणतो. इंग्रजीत मात्र ‘येस’ आणि ‘नो’ समोरच्याच्या म्हणण्याशी बांधलेले नसून घडलेल्या गोष्टीशी बांधलेले असतात. गोळी दिली नसेल तर ‘नो’, दिली असेल तर ‘येस’. प्रश्न कसाही विचारलेला असो. नातेवाईक नुसते ‘येस’ म्हणून थांबला, तर डॉक्टरांच्या मनात नेमका उलटा अर्थ जाण्याची शक्यता असते. यावर सोपा उपाय असा, की एकट्या ‘येस’ किंवा ‘नो’वर न थांबता पूर्ण वाक्य बोलावे : ‘नो, आय हॅवन्ट.’

दुसरी गोष्ट अदबीची. ‘पाणी द्या’ या दोन शब्दांत आदर आहे, कारण तो ‘द्या’ या रूपातच सामावला आहे. जपानीत ‘कुदासाई’ हे काम करते. ‘गिव्ह मी वॉटर’ मध्ये तो आदर उतरत नाही आणि बोलणारा उद्धट ठरतो, त्याच्या मनात तसे काही नसताना. इंग्रजीत आदर क्रियापदाच्या रूपात नसून प्रश्नाच्या आडवळणात असतो : ‘कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?’ मुलाखतीला जाणाऱ्या तरुणांनी पाठ करायची असतील तर अशी दहा-बारा वाक्ये करावीत. अवघड शब्दांच्या याद्यांपेक्षा त्यांचा उपयोग अधिक आहे.

मागे वळून न वाचता

सर्वांत मोठा प्रश्न वाचनाचा आहे. ‘द फार्मर हू सोल्ड द पॅडी येस्टर्डे केम टुडे’ हे वाक्य घ्या. मराठीत ते ‘काल धान विकलेला शेतकरी आज आला’ असे होते. आपले विशेषण-वाक्य नामाच्या आधी, इंग्रजीतले नामाच्या नंतर. त्यामुळे विद्यार्थी डोळे पुढे नेतो, पुन्हा मागे आणतो, मनात मराठी वाक्य जुळवतो आणि मगच पुढे सरकतो. एका परिच्छेदाला पाच मिनिटे लागतात आणि शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरते.

जपानमध्ये या उलट-सुलट वाचनाला फार जुना इतिहास आहे. तेथील पंडित चिनी ग्रंथ वाचताना अक्षरांच्या कडेला परतीच्या खुणा करीत आणि मजकूर जपानी क्रमाने लावून घेत. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी आली, तेव्हा हीच युक्ती तिच्यावरही चालवण्यात आली. इंग्रजी शब्दांवर आकडे घालून कोणता आधी वाचायचा ते ठरवले जाई. या भाषांतर-वाचनाला ‘याकुदोकु’ म्हणतात. त्यातून ग्रंथांचे उत्तम अनुवादक निर्माण झाले, पण बोलणारे आणि भराभर वाचणारे कमी. 1922 मध्ये जपानला गेलेले इंग्रज भाषातज्ज्ञ हॅरॉल्ड पामर यांनी आधी कान आणि जीभ तयार करा, असा आग्रह धरला, तो याच सवयीविरुद्ध. आपल्याकडे आकडे घातले गेले नाहीत, परंतु तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या घडल्या, त्यांच्याही इंग्रजीचा मार्ग भाषांतरातूनच गेला. त्या पुस्तकाने असंख्य मराठी माणसांना इंग्रजीचे दार उघडून दिले, हे मान्य करूनच हे म्हणायचे.

यावर जपानी वर्गांत रुळलेला उपाय म्हणजे वाक्यात तिरप्या रेघा मारणे. ‘द फार्मर / हू सोल्ड द पॅडी येस्टर्डे / केम टुडे’. प्रत्येक तुकडा आला त्या क्रमाने समजून घ्यायचा आणि मागे फिरायचे नाही. आणि येथे मराठीच्या हाती एक हुकमाचे पान आहे, जे जपानीच्या हाती नाही. ‘जो-तो’ची रचना! ‘शेतकरी, ज्याने काल धान विकले, तो आज आला.’ वाक्य थोडे जुन्या वळणाचे वाटेल, पण ते शुद्ध मराठी आहे आणि इंग्रजीच्या पावलावर पाऊल टाकून चालते. जपानीत ‘हू’ किंवा ‘विच’ला प्रतिशब्दच नसल्याने तेथील मुलाला हा तुकडा हवेत लटकल्यासारखा वाटतो. आपल्या मुलाला ‘हू’ म्हणजे ‘जो’ आणि ‘विच’ म्हणजे ‘जे’ एवढे सांगितले, की तो सरळ पुढे वाचू शकतो. प्रश्नातला ‘हू’ म्हणजे ‘कोण’ तेवढा वेगळा ठेवावा.

महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते 2000 मध्ये. जपानमध्ये पाचवी-सहावीला इंग्रजीची ओळख 2011 पासून सक्तीची झाली आणि तो रीतसर विषय 2020 मध्ये झाला. म्हणजे वर्षांच्या हिशेबात कुडव्याचे मूल पुढे आहे. कमी पडते ते वाचायला मिळणारे साहित्य. पाठ्यपुस्तकाबाहेर सोप्या इंग्रजीतील एखादे पुस्तक वर्षभरात हाती न आलेली मुले या भागात पुष्कळ आहेत. जपानमध्ये गेल्या दोन-अडीच दशकांत ‘तादोकु’, म्हणजे भरपूर वाचन, ही चळवळ रुजली. तिचे नियम तीन : शब्दकोश उघडायचा नाही, न कळलेले सोडून पुढे जायचे, आणि कंटाळा आला तर ते पुस्तक ठेवून दुसरे घ्यायचे. आपल्या शिक्षकांना तिसरा नियम पचणे कठीण आहे. पण हा मार्ग चालतो तो पुस्तके अगदी सोपी असली तरच. पानावर चार-पाचपेक्षा अधिक शब्द अडत असतील, तर ते पुस्तक सध्या नको. दहावीच्या मुलाने पाचवीच्या मुलासाठी लिहिलेली गोष्ट वाचली, तर त्यात कमीपणा नाही.

राहता राहिला ‘ए’ आणि ‘द’चा प्रश्न. ‘ए फार्मर केम टु द मिल’ : शेतकरी कोण ते ऐकणाऱ्याला ठाऊक नाही म्हणून ‘ए’, मिल कोणती ते ठाऊक आहे म्हणून ‘द’. पुढच्या वाक्यात तोच शेतकरी ‘द फार्मर’ होतो, कारण आता त्याची ओळख झालेली असते. एवढा नियम दहापैकी सात ठिकाणी पुरतो. उरलेल्या तीन ठिकाणी, नद्यांची नावे, वर्तमानपत्रांची नावे वगैरे, जपानी प्राध्यापकही चुकतात आणि मराठी पत्रकारही. पहिल्या दोन-तीन वर्षांत त्यासाठी मुलांचे गुण कापू नयेत.