गच्चीचा ताळा

वैशाखात पुण्याच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना, रात्री दहालाही स्लॅब धग सोडते, हे सांगायला नको. 2018 साली केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने ‘इको निवास संहिता’ काढली. तिने छताला मर्यादा घातली: आतबाहेर एका अंशाचा फरक असता दर चौरस मीटरमधून फार तर 1.2 वॅट उष्णता यावी. घर या नियमात बसते की नाही, हे आता संगणक सांगतो. त्याचा ताळा करायला मात्र शाळेतले गणित पुरते.

स्लॅबची जाडी मीटरमध्ये घ्यावी, 0.15. तिला काँक्रीटच्या वाहकतेने, 1.58 ने, भागावे. रोध आला 0.095. छताला वरून-खालून चिकटलेल्या हवेचा रोध 0.21 मिळवावा. बेरीज 0.305, तिने एकाला भागले की 3.3. उघडी स्लॅब मर्यादेच्या पावणेतीनपट झाली! जाडी दुप्पट केली तरी आकडा 2.5 च्या खाली फारसा उतरत नाही.

तेव्हा उघड्या स्लॅबला संगणकाने ‘उत्तीर्ण’ म्हटले, तर माहिती भरण्यात काही चुकले आहे असे खुशाल समजावे. दशांशचिन्ह सरकून 0.15 चे 1.5 झाले, की तो निमूटपणे 0.86 सांगतो. दीड मीटर जाडी किल्ल्याच्या तटाला शोभेल, पण यंत्राला त्याचे काय?

दुसरी गफलत म्हणजे कागदावर असलेला, गच्चीवर नसलेला थर्मोकोल. दोन सेंटिमीटरचा थर खरोखर घातला, तर आकडा 1.14 वर येतो. घर घेणाऱ्याने छताच्या थरांची जाडीसह यादी मागावी, आणि काम चालू असताना एकदा गच्चीवर जाऊन ती पडताळावी.