‘मला येतं’ आणि ‘आय कॅन’

उदगीरच्या बाजारात घटकाभर उभं राहिलं की चार भाषा कानावर पडतात. पोहता येतं का, हिशेब येतो का, असं विचारा. मराठी माणूस म्हणेल, ‘मला येतं.’ दखनी बोलणारा म्हणेल, ‘मेरे को आता.’ कन्नड बोलणारा ‘ननगे बरुत्ते’ आणि तेलुगू बोलणारा ‘नाकु वच्चु.’ चारही भाषांत विद्या माणसाकडे ‘येते’. माणूस कर्त्याच्या जागी बसतच नाही, तो ‘मला’ होऊन बाजूला उभा राहतो. इंग्रजी मात्र त्याच जागी ‘आय कॅन’ म्हणते. तिथं ‘आय’ थेट कर्ता आहे.

नांदेड-लातूरच्या मुलांचं इंग्रजी जिथं अडखळतं, ती जागा नेमकी ही आहे. 2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. तरी सर्वनाम आणि ‘कॅन, कुड, मे, शुड, मस्ट’ ही मोडल क्रियापदं एकत्र आली की दहावीचा हुशार मुलगाही चाचरतो. त्याबद्दलचे काही समज आपण वर्षानुवर्षं धरून बसलो आहोत.

गैरसमज: आपल्या मुलांचं व्याकरणच कच्चं, म्हणून ती चुकतात.

वस्तुस्थिती उलटी आहे. मुलांच्या डोक्यात मराठीचं व्याकरण पक्कं बसलेलं असतं, म्हणून ती चुकतात. तो जाऊ शकतो. त्यानं जावं. त्याला जावं लागेल. अर्थाची छटा बदलली की मराठीत सर्वनामाचं रूपही बदलतं: तो, त्यानं, त्याला. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी एकच ‘ही’: ही कॅन गो, ही शुड गो, ही मस्ट गो. सगळा भार मोडलवर, सर्वनाम जागचं हलत नाही. हा फरक फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवला, तर पाठांतराचं निम्मं ओझं उतरेल असं मला वाटतं.

त्यात ‘पाहिजे’ हा शब्द फार फसवा. ‘मला चहा पाहिजे’ म्हणजे इच्छा, ‘मला जायला पाहिजे’ म्हणजे कर्तव्य. मराठीत एकच शब्द दोन्ही कामं करतो. म्हणून जाणं भाग आहे असं सांगायचं असताना मूल ‘आय वाँट टू गो’ म्हणून जातं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, याला जायची हौस आहे. साधी खूण अशी: ‘पाहिजे’च्या आधी वस्तू असेल तर ‘वाँट’, ‘जायला, करायला’ असं क्रियापद असेल तर ‘शुड’ किंवा ‘मस्ट’.

गैरसमज: ‘ही’, ‘शी’ आलं की क्रियापदाला ‘एस’ लागलाच पाहिजे.

‘ही गोज’ इतकं घोकून घेतलेलं असतं की मुलं ‘ही कॅन गोज’ म्हणतात. मोडलला ‘एस’ लागत नाही आणि त्याच्या मागून येणारं क्रियापद मूळ रूपातच राहतं. याला कारण आहे. ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ ही फार जुन्या काळी भूतकाळी रूपं होती, पुढं ती वर्तमानाच्या अर्थानं रुळली. भूतकाळी रूपाला इंग्रजीत ‘एस’ नसतो, म्हणून यांनाही नाही. आपण ‘कळलं’ म्हणतो तेव्हा रूप भूतकाळाचं असतं, पण अर्थ ‘आता मला माहीत आहे’ असाच असतो. ‘कॅन’चं मूळही तसंच, जाणण्याच्या अर्थाचं.

गैरसमज: इंग्रजीत आदर नाही, लहानथोर सगळ्यांना ‘तू’.

हा समज सगळ्यात जुना आणि सगळ्यात चुकीचा. इंग्रजीत पूर्वी एकट्यासाठी ‘दाऊ’ होतं आणि अनेकांसाठी ‘यू’. मोठ्या माणसाला मान द्यायचा म्हणून एकट्यालाही ‘यू’ म्हणायची रीत पडली, आपल्या ‘तुम्ही’सारखीच. सतराव्या शतकापर्यंत ‘दाऊ’ रोजच्या बोलण्यातून बरंचसं गेलं. म्हणजे गेला तो ‘तू’, राहिला तो ‘तुम्ही’. एकट्या माणसालाही आजतागायत ‘यू आर’ म्हणतात, ते या अनेकवचनामुळं.

पण सगळेच ‘तुम्ही’ झाले, तर जास्तीचा मान दाखवायचा कुठं? ते काम मोडलकडे आलं. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात परदेशांतूनही शीख भाविक येतात. एखाद्या पाहुण्याला डोकं झाकायला सांगायचं आहे. ‘यू मस्ट कव्हर युवर हेड’ हे व्याकरणात बिनचूक आहे, पण कानाला हुकूम वाटतो. ‘कुड यू कव्हर युवर हेड, प्लीज?’ म्हटलं की तेच सांगणं ‘डोकं झाकाल का?’ होतं.

इथं वर्गात शिकवलेलं वाक्य आडवं येतं: ‘कुड’ म्हणजे ‘कॅन’चा भूतकाळ. ते अर्धंच खरं आहे. विनंतीतल्या ‘कुड’ आणि ‘वुड’चा गेलेल्या काळाशी संबंध नसतो, ती नम्रता असते. मराठी माणसाला हे अवघड वाटायचं कारण नाही. तहसीलच्या दारात आपण ‘साहेब, जरा काम होतं’ म्हणतो. काम आत्ताच असतं, तरी ‘होतं’. काळ एक पाऊल मागं सरकवला की बोलणं मऊ होतं, हे आपल्या खेड्यातल्या म्हाताऱ्यालाही ठाऊक आहे.

गैरसमज: ‘आय’ आणि ‘वी’ला ‘शॅल’च, बाकीच्यांना ‘विल’.

हा नियम जॉन वॉलिस यांच्या 1653 च्या व्याकरणात आहे. आज ‘आय विल’ सर्रास चालतं. ‘शॅल’ उरलं आहे ते मुख्यत्वे कायद्याच्या भाषेत आणि ‘शॅल वी गो?’सारख्या प्रश्नात. आपल्याकडचं ‘जाऊत का?’ ते हेच.

आता शेवटचा गैरसमज, आणि तो जिवाशी खेळू शकतो: ‘मस्ट नॉट’ आणि ‘डोंट हॅव टू’ एकच. ‘यू डोंट हॅव टू टेक धिस टॅबलेट’ म्हणजे ही गोळी घेतलीच पाहिजे असं नाही. ‘यू मस्ट नॉट टेक धिस टॅबलेट’ म्हणजे ही गोळी अजिबात घ्यायची नाही. नीटच्या तयारीसाठी लातूरला आलेली जी मुलं उद्या डॉक्टर होतील, त्यांच्या तोंडी हा फरक बसलाच पाहिजे.

शिक्षकांना आणि आईवडिलांना एवढीच विनंती आहे: मूल ‘ही कॅन गोज’ म्हणालं तर लाल रेघ ओढण्याआधी त्याला विचारा, ‘हेच तू मराठीत कसं म्हणशील?’ आणि त्याच्या त्या मराठी वाक्यापासून शिकवायला सुरुवात करा.