मालाची मुदत

नारळी पौर्णिमेला समुद्रास नारळ अर्पण करावा आणि मगच तांडेलाने शीड उभारावे, ही जी कोकणपट्टीची रीत, तिच्यात श्रद्धेइतकाच हिशेबही होता. कारण नैर्ऋत्येचा वारा ओसरेपर्यंत मस्कत काय किंवा मोखा काय, कोणत्याच बंदराची मुदत व्यापाऱ्यास छातीठोकपणे सांगता येत नसे, आणि माल केव्हा पोचेल या प्रश्नाचे उत्तर दिवसांत नव्हे, ऋतूंत द्यावे लागे. वाफेच्या जहाजाने वाऱ्याची ही ताबेदारी संपविली. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुवेझचा कालवा खुला झाला आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालणारा मुंबई-लंडन हा सुमारे १०,७०० सागरी मैलांचा मार्ग ६,२०० मैलांवर आला. तेव्हापासून मालाची वेळ म्हणजे जहाजाची वेळ, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ती कितपत खरी, हे पाहावयाचे तर न्हावा-शेवाच्या धक्क्यापेक्षा निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत जाणे अधिक सोयीचे.

द्राक्ष हे स्वभावाने मोठे शिस्तीचे फळ. वेलीवरून घड उतरविला की त्याचे पिकणे तेथेच थांबते. वेलीवर जी गोडी आली तेवढीच त्याची जन्माची मिळकत. त्यानंतर काम उरते ते एवढेच, की काढणीनंतर काही तासांच्या आत पॅकहाऊसमध्ये प्रीकूलिंग करून त्याच्या अंगची उष्णता काढून घ्यावी, बुरशीला आवरणारा गंधकाचा वायू हळूहळू सोडणारा ग्रेपगार्डचा कागद खोक्यात घालावा, आणि शून्य अंशाच्या आसपासची थंडी पुढे कोठेही तुटू देऊ नये. एवढी तजवीज झाली, की ते कित्येक आठवडे निमूटपणे प्रवास करते. हापूस याच्या नेमका उलट. त्याचे खरे पिकणे सुरू होते ते झाडावरून उतरल्यावर. आणि ते लांबविण्यासाठी थंडी वाढवावी, तर बारा-तेरा अंशांच्या खाली जाताच सालीवर डाग धरतात व स्वाद बिघडतो. सबब एकाच महाराष्ट्रातील या दोन फळांपैकी एक रीफर, म्हणजे शीत कंटेनरात बसून रॉटरडॅमला जाते, आणि दुसऱ्यास विमानाचे भाडे मोजावे लागते.

हे भाडे नुसत्या वजनावर आकारले जात नाही. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत घेऊन त्यांच्या गुणाकारास ६,००० ने भागावयाचे, आणि जो आकडा येईल तो खऱ्या वजनापेक्षा अधिक असेल तर तोच वजन म्हणून धरावयाचा, असा विमानमालाचा दंडक आहे. (परदेशी लेकीस चिवड्याचा डबा धाडणाऱ्या मातेस कुरिअरवाल्याचा आकडा अन्यायाचा वाटतो, तो याच जातीच्या नियमामुळे, कुरिअरचा भाजक तर बहुधा ५,००० असतो.) जगाच्या व्यापारातील मालापैकी वजनाने १ टक्काही माल विमानाने जात नाही, पण किमतीने पाहिले तर तो सुमारे एकतृतीयांश भरतो, यात सारे आले. शिवाय विमानाचे तास म्हणजे मालाचे तास नव्हेत. एप्रिल २००७ मध्ये अमेरिकेचा दरवाजा भारतीय आंब्यास पुन्हा उघडला, तो फळावर किमान ४०० ग्रे मात्रेचे विकिरण करण्याच्या अटीवर. आणि विकिरणाची सोय होती कांद्यासाठी उभारलेल्या लासलगावच्या केंद्रात. तेव्हा रत्नागिरीच्या आंब्याने आधी घाट चढून कांद्याच्या गावी जावे, आणि तेथून परतून मुंबईचा विमानतळ गाठावा, असा तो द्राविडी प्राणायाम होता! पुढे वाशीला सोय झाली. २०२२ मध्ये तर विकिरण केलेला आंबा समुद्रमार्गे अमेरिकेस पाठविण्याचाही प्रयोग झाला, आणि पंचवीसएक दिवसांत तो पोचला. तरी हापूसचा स्वभाव पाहता विमानाची सद्दी इतक्यात संपेल असे मला वाटत नाही.

समुद्रमार्गाच्या मुदतीचा घोळ याहून खोल आहे. जहाजकंपनी जे दिवस सांगते ते जहाज सुटल्यापासून लागेपर्यंतचे. कंटेनर बंदरात घेण्याची मुदत, म्हणजे कटऑफ, त्याच्या आधीच संपलेली असते, आणि कटऑफ चुकली की पुढचे जहाज बहुधा आठवड्याने. कस्टमची तपासणी, कोलंबो किंवा सलालाहसारख्या बंदरी जहाज बदलावे लागल्यास तेथील खोळंबा, आणि अनेकांचा थोडाथोडा माल एकाच कंटेनरात भरला असल्यास तो भरण्या-फोडण्याचे दिवस, हे सारे त्या आकड्याबाहेरचे. जहाजही मुद्दाम संथ चालविले जाते: वेग १० टक्क्यांनी उतरविला की लागणारी शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी उतरते, आणि इंधनाचे बिल भरणाऱ्यास हे गणित घड्याळापेक्षा अधिक प्रिय असते. त्यात दैवाचा फेरा आहेच. २३ मार्च २०२१ रोजी चारशे मीटर लांबीचे एव्हर गिव्हन हे जहाज सुवेझमध्ये आडवे अडकले ते २९ तारखेस सुटले, आणि मार्च म्हणजे द्राक्षाच्या निर्यातीचा ऐन हंगाम. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात हूथींचे हल्ले सुरू झाल्यावर जहाजांनी पुन्हा केपचा जुनाच वळसा धरला, आणि २०२४ च्या हंगामात नाशिकच्या द्राक्षांच्या वाट्यास सुमारे दीड-दोन आठवड्यांचा जादा प्रवास आला, तोही चढ्या भाड्याने. घडाने तो निभावला, कारण थंडी अखंड होती. पण दुकानात मांडल्यानंतरचे त्याचे आयुष्य तेवढ्याच दिवसांनी घटले, आणि ते दिवस कोणत्याही जहाजभाड्याच्या बिलात लिहिलेले नसतात.

नाशिककडील बागांत घड धरण्यासाठीची गोडी छाटणी बहुधा पावसाळा सरताना होते. बागलाणातील काही बागाईतदार तर पावसाळ्यातच ती उरकतात. छाटणीपासून घड तयार होण्यास वाणाप्रमाणे साधारण चार महिने लागतात. दक्षिण गोलार्धातील द्राक्षांचा लोंढा युरोपच्या बाजारात केव्हा ओसरेल याचा अंदाज बांधून, तेथून जहाजाचे दिवस व धक्क्यावरचे दिवस वजा करीत करीत छाटणीची तारीख काढावी लागते. परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर कोसळला, तर सगळा हिशेब पुन्हा मांडावयाचा. हातात कात्री घेऊन ओळीच्या तोंडाशी उभा असलेला बागाईतदार त्यात केपच्या वळशाचे दिवस धरावे की सोडावे, एवढे ठरवून पहिल्या काडीवर कात्री चालवितो.